जुनी बारा-दहा खरंच दणकट होती का?

विचारलेलं थोडक्यात असं: आजोबांची ट्रकची गाडी, टाटा १२१० म्हणजेच 'बारा-दहा', मोहोळजवळ शेतात पत्र्याच्या शेडखाली बरीच वर्षं उभी आहे. जुने ड्रायव्हर येऊन तिच्यावर हात फिरवतात आणि म्हणतात, 'असल्या गाड्या आता होणे नाही.' खरंच त्या आजच्या गाड्यांपेक्षा चांगल्या होत्या का? त्या काळी सोलापूरकडचं गाडीचं काम चालायचं कसं? आणि या गाडीचं आता करायचं काय?

मी सत्तरच्या दशकाच्या शेवटी क्लीनर म्हणून गाडीवर चढलो, मग ड्रायव्हर झालो, पुढे स्वतःची गाडी घेतली. आता स्टेअरिंग सुटलंय, पण मार्केट यार्डातली चक्कर सुटलेली नाही.

आधी सरळ उत्तर देतो, पाल्हाळ नंतर. गाडी म्हणून बघितलं तर आजची कुठलीही गाडी तुमच्या आजोबांच्या बारा-दहापेक्षा सरस आहे. ब्रेक, स्टेअरिंग, ॲव्हरेज, केबिन, काहीही घ्या. 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्याने मे महिन्यात भर दुपारी ती गाडी टेंभुर्णी ते सोलापूर एकदा चालवून दाखवावी. इंजिनाचा बराच भाग केबिनच्या आत, त्यावर पत्र्याचं झाकण आणि झाकणाला खेटून आपला डावा पाय. बाहेर बेचाळीस डिग्री. आम्ही झाकणावर ओलं पोतं टाकायचो, ते अर्ध्या तासात कडक वाळायचं. पॉवर स्टेअरिंग नाही, त्यामुळे भरलेली गाडी अरुंद गल्लीत वळवताना ड्रायव्हर सीटवरून उठून, अंगाचा सगळा भार घालून चाक ओढायचा. जुन्या ड्रायव्हरांचे खांदे बघा, अजून ओळखू येतात.

टाटाच्या नंबरातच गाडीची कुंडली असायची. १२१० म्हणजे मालासकट वजन बारा टनांच्या घरात आणि इंजिन शंभर हॉर्सपॉवरच्या आसपास. पुढे १६१२, १६१३ आल्या, त्यांचंही गणित तेच. त्याआधीच्या गाड्या टाटा मर्सिडीज. टेल्कोचा, म्हणजे टाटांच्या ट्रक कंपनीचा, जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी १९५४ ला करार झाला, तो १९६९ ला संपला आणि तोंडावरचा तीन टोकांचा तारा गेला. माझे वस्ताद, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते ड्रायव्हर, मात्र शेवटपर्यंत मर्सिडीजच म्हणायचे. त्या पहिल्या गाड्यांना थंडीत हीटर द्यावा लागायचा. डॅशवरची तार लाल होईपर्यंत थांबायचं आणि मग सेल्फ मारायचा. घाई केली तर बॅटरी बसायची, आणि सकाळी सकाळी गाडीला धक्का मारायला हमालांच्या हातापाया पडावं लागायचं. म्हणून मुक्कामाला गाडी शक्यतो उतारावर लावायची.

लेलँड मद्रासकडच्या. त्यांची कॉमेट दक्षिणेतल्या मालकांकडे जास्त. आमच्या भागात टाटाच, कारण टाटाचा पार्ट उमरग्यालाही मिळायचा. डॉज आणि फार्गो मी चालत्या कमी आणि गॅरेजमागे उभ्या जास्त बघितल्या. त्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या. ही कंपनी १९४४ ला काढणारे वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचेच, १८८२ चे. वालचंद कॉलेजात शिकलेल्या पोरांनाही हे सांगावं लागतं.

चेसी आणण्याचं काम मी स्वतः केलं नाही, पण वस्तादांनी केलेलं. रेल्वेने जमशेदपूर गाठायचं आणि तिथून नुसती चेसी चालवत सोलापूरला आणायची, सुमारे दीड हजार किलोमीटर. केबिन नाही, दार नाही, हौदा नाही. पुढे इंजिन आणि चाक, आणि बसायला लाकडी खोकं. डोळ्याला गॉगल, तोंडाला उपरणं, पाऊस आला की कुठल्या तरी झाडाखाली. इथे आल्यावर सुतार फळ्या, फाळके, केबिन बांधायचा आणि पेंटर वर 'सिद्धेश्वर प्रसन्न' नाहीतर 'आई तुळजाभवानी प्रसन्न' लिहायचा. दोन गाड्या एकसारख्या नसायच्या त्या यामुळे. केबिन मात्र लाकूड आणि पत्राच. समोरून धडक झाली की ड्रायव्हरच्या आणि मरणाच्या मध्ये फारसं काही नसायचं. हे कौतुक करणारे सांगत नाहीत.

मग दणकट का वाटायच्या? एक तर वेग नव्हता. भरलेली गाडी चाळीस-पंचेचाळीसच्या वर जायचीच नाही. पुणे अडीचशे किलोमीटर, पण संध्याकाळी निघालं की हडपसरला उजाडायचं. एवढ्या वेगात लोखंड टिकतंच. दुसरं, पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवलेले असायचे. कागदावर लिहिलेल्या वजनापेक्षा गाडीत माल कितीतरी जास्त असायचा, म्हणून मालक गाडी घेतली की आधी कमानीत जास्तीचे पाटे टाकून घ्यायचा. गाडी रिकामी असली की त्या पाट्यांमुळे अशी उडायची की डबा हातात धरून बसावं लागे.

आणि तिसरं, जे मला महत्त्वाचं वाटतं: त्या गाड्या मोडायच्या रोज, पण रस्त्यावरच जोडता यायच्या. पाटा तुटायचा, जॉइंट जायचा, क्लच प्लेट जळायची, हेडचं गास्केट उडायचं. यातलं कुठलंही काम बाभळीखाली बसून करता येत असे, आणि ते करणारा गाडीवरच असे. तो म्हणजे क्लीनर.

एअर काढण्याचंच घ्या. फिल्टरच्या वॉशरमधून हवा ओढली गेली की इंजिन भुरभुर करून बंद पडायचं. वस्ताद वरच बसून राहणार. आपण उतरायचं, फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे ढिला करायचा आणि फीड पंपाचा हातपंप दाबत राहायचं. आधी नुसता फेस येतो. मग थोडा फेस, थोडं डिझेल. मग बुडबुडा नसलेली सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा, कारण हात आधी थांबला की हवा पुन्हा आत आणि सगळं पहिल्यापासून. तरी चालू नाही झाली तर नोझलच्या, म्हणजे इंजिनात डिझेल उडवणाऱ्या तोट्यांच्या, पाइपांचे नट ढिले करायचे, सेल्फ मारायचा आणि डिझेल पिचकलं की एकेक नट आवळत यायचं. हे सगळं रात्री, टॉर्च दातात धरून. वरून विडीचा वास आणि एकच प्रश्न: 'फेस गेला का बे?'

किंवा टायर. प्रत्येक थांब्यावर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन सगळ्या चाकांना ठोकत फिरायचं. हवा बरोबर असेल तर टॉमी उडते आणि आवाज टणक येतो. मागच्या जोडीतलं आतलं चाक बसलं असेल तर आवाज बद्द. ते डोळ्याला दिसत नाही, कारण बाहेरचं चाक त्याचाही भार पेलत असतं. तेव्हाची टायरं नायलॉनची, त्यात बऱ्याचदा वरून रबर चढवलेली. एकट्यावर सगळा भार आला की तापून फुटायची. म्हणून उन्हाळ्यात भरलेल्या गाड्या रात्री चालायच्या आणि दुपारी झाडाखाली असायच्या. लोकांना वाटायचं ड्रायव्हर झोपा काढतात.

ब्रेकबद्दल मात्र गोडगोड बोलणार नाही. आजच्या गाडीत हवेचं प्रेशर संपलं तर स्प्रिंग सुटते, ब्रेक आपोआप धरले जातात आणि गाडी जाम होते. जुन्या गाडीत उलटं होतं, हवा संपली की ब्रेक संपला. त्यात डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारायची घाण सवय. येडशीचा घाट, मांजरसुंब्याचा घाट, मुंबईला जाताना खंडाळा, सगळीकडे दरीत गाड्या दिसायच्या, आणि त्यातल्या बऱ्याच न्यूट्रलमध्ये गेलेल्या. वस्तादांचा नियम असा की ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, आणि ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. दाबायचा आणि सोडायचा. लायनरचा जळका वास आला की बाजूला घेऊन ड्रम थंड होऊ द्यायचा, पाणी ओतायचं नाही, ड्रमला चीर जाते. गिअरही आजच्यासारखे लोण्यातून जायचे नाहीत. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाचा आवाज जुळवायचा, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. घाटाच्या मध्यावर हे चुकलं की गाडी ना या गिअरला ना त्या गिअरला, आणि क्लीनर दगड घेऊन मागच्या चाकाकडे पळतोय. बोरघाटात शिंगरोबाला नाणं टाकल्याशिवाय एकही ड्रायव्हर पुढे जायचा नाही, ते उगीच नव्हे.

आता सोलापूरच्या कामाचं. आपलं गाव नाक्यावर बसलेलं आहे. एक रस्ता पुण्याला, एक नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादला, एक विजापूरला, एक तुळजापूरवरून बीड-औरंगाबादकडे. विजापूर रोडला भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटक. हैदराबादच्या तीनशे किलोमीटरच्या खेपेत तीन राज्यं लागायची: उमरग्यानंतर कर्नाटक, हुमनाबाद सोडून झहीराबादला आंध्र, आता तेलंगणा. म्हणून इथल्या ड्रायव्हरला मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदी, चारही येतात. शाळेत गेला नसला तरी. पूर्व भागातल्या पद्मशाली कारखानदाराशी तेलुगूत भाडं ठरवायचं, हमालांशी कन्नडमध्ये भांडायचं आणि मालकाला मराठीत हिशेब द्यायचा.

राज्यं तीन म्हणून कागदंही तीन. नॅशनल परमिट १९७५ पासून होतं, पण परमिटवर लिहिलेल्या राज्यांतच गाडी चालायची आणि प्रत्येक राज्याच्या कराचा डीडी वेगळा. २०१० ला वर्षाची एकच फी भरून देशभर फिरायची सोय झाली, ती माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात मोठी सुधारणा. रस्ते चौपदरी झाले त्याहूनही मोठी. जकात होती तेव्हा नाक्यावर रात्र जायची. जीएसटी आल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, ती झोप ड्रायव्हरला घरी मिळते.

माल कसला? चादरी-टॉवेलच्या गाठी, मार्केट यार्डातून कांदा, बार्शीची डाळ, मंगळवेढ्याची ज्वारी, वाडी-शहाबादचं सिमेंट आणि फरशी, विडी कारखान्यांसाठी तेंदूपत्ता. प्रत्येक मालाचा स्वभाव वेगळा. सिमेंट भरलं की हौदा निम्मा रिकामा दिसतो आणि पाटे मात्र सरळ झालेले असतात. चादरीच्या गाठी केबिनच्या वर हातभर जातात तरी वजन भरत नाही, त्यामुळे भाडं टनावर ठरवलं तर मालक बुडाला. कांद्याला वारा लागतो. ताडपत्री गच्च ओढली तर बंगळुरूपर्यंत खालच्या थराला घाम सुटतो आणि तिथला व्यापारी पोत्यात हात घालून निम्मं भाडं कापतो.

दोन ताडपत्र्या असतील तर पुढची मागचीच्या वर आली पाहिजे. उलटं केलं की वारा सांध्यातून आत शिरतो आणि मोडनिंबपर्यंत ताडपत्री फुगून फडफडायला लागते, मग पावसात सगळा माल भिजतो. दोरी पुढून मागे, या आकड्यातून त्या आकड्यात, आणि प्रत्येक फेरीला पाय फाळक्यावर रोवून अंग मागे टाकून ओढायची. तेवढा ताण देऊन ती गाठ अशी मारायची की उतरवताना एका झटक्यात सुटली पाहिजे. माझ्या हाताला ती गाठ यायला पावसाळा गेला. वस्ताद बोटाने दोरी छेडून बघायचे. सैल वाटली तर काही न बोलता सगळी सोडायचे आणि 'हं, चालू दे' म्हणून चहा प्यायला जायचे.

परतीचं भाडं हा वेगळाच छळ. फोन म्हणजे ट्रंक कॉल, तोही ट्रान्सपोर्टवाल्याच्या मर्जीने. माल उतरवून पोच घेतली की अड्ड्यावर गाडी लावायची आणि कुणी हाक मारतंय का बघत बसायचं, कधी एक दिवस, कधी चार. रिकामी आणली तर डिझेल अंगावर, म्हणून दलाल सांगेल त्या भाड्याला भरायची. खाणं बरोबरच असायचं. कडक भाकरी आठवडाभर टिकते, शेंगाचटणी त्याहून जास्त. एखाद्या ढाब्यावरून दही घेतलं आणि भाकरी मोडून कालवली की झालं जेवण. स्टोव्ह होता, पण रोज पेटवायला रॉकेल कुठलं.

किल्लारीच्या भूकंपाचं सांगायलाच हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर सोलापुरातून उमरगा, सास्तूर, किल्लारीकडे गाड्यांची रीघ लागली. धान्य, पत्रे, चादरी, मिळेल ते. त्या दिवसांत अड्ड्यावर भाड्याची घासाघीस मी ऐकली नाही. गावाच्या अलीकडे रस्ता भरलेला, पुढे जाता येईना, तर क्लीनर पोरं पोती पाठीवर घेऊन चालत गेली.

या क्लीनर पोरांबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. पगार नावाला, भत्ता दोन वेळच्या जेवणाचा, शिव्या भरपूर. शाळा सुटलेली पोरं यायची, त्यातली कित्येक लहान वयाची, आणि ते चांगलं नव्हतं हे आधी मान्य करू. पण त्या जागेवर तीन-चार वर्षं काढलेला माणूस ड्रायव्हर व्हायचा तेव्हा त्याला गाडी कानाने कळायची. टॅपेट वाजतंय की बेअरिंग, नोझल मिस मारतंय की पंप, हे तो चालत्या गाडीत सांगायचा. त्याच्या हातात स्टेअरिंगही एकदम यायचं नाही. आधी अड्ड्यात मागेपुढे, मग रिकाम्या गाडीवर पहाटेच्या मोकळ्या रस्त्याला, वस्ताद शेजारी डोळे मिटून बसलेले. डोळे मिटलेले, पण गिअर चुकला की पाठीत धपाटा.

आज गाडीवर क्लीनर नाही. भाडी परवडत नाहीत, फास्टॅगमुळे टोलला उतरायचं कारण नाही, ताडपत्री बांधायला कंटेनरला लागत नाही. नॅशनल परमिटच्या गाडीला दोन ड्रायव्हर असावेत हा नियमही २०१८ ला निघाला. पोरगा लायसन्स काढतो आणि एकदम बारा चाकीवर बसतो. त्याची काही चूक नाही, त्याला शिकवणार कोण? २०२० नंतरच्या बीएस-सिक्स, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या, गाडीत बिघाड झाला की डॅशवर लाइट लागतो, गाडी आपला जोर कमी करते आणि कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत ढाब्यावर बसायचं. सेन्सर असो की धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची भानगड, त्यात ड्रायव्हरच्या हाताला काम नाही. गाडी चांगली झाली, माणूस तिच्यातला उपरा झाला. जुने लोक तुमच्या आजोबांच्या गाडीवर हात फिरवतात तेव्हा त्यांना ती गाडी नको असते हो. एसी केबिन दिली तर आजही पहिले तेच चढतील. ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकला एसी सक्तीचा झाला, त्यावर यार्डात एक म्हातारा म्हणाला, 'पन्नास वर्षं उशीर केला बे.' त्यांना आठवतं ते हे की ती गाडी त्यांच्यावाचून मुंबई गाठू शकत नव्हती.

आता तुमच्या गाडीचं. 'व्हिंटेज'मध्ये नोंद होईल अशी आशा ठेवू नका. २०२१ चा तो नियम दुचाकी आणि खासगी मोटारींसाठी आहे, त्याही पन्नास वर्षांवरच्या, ट्रक त्यात बसत नाही. रस्त्यावर आणायची तर फिटनेस, टॅक्स, इन्शुरन्स सगळं लागेल, आणि पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या फिटनेसची फी २०२२ पासून चांगलीच वाढली आहे. धंद्यासाठी ती आता परवडणारच नाही. भंगारात द्यायची असेल तर गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणी असलेल्या स्क्रॅप सेंटरला द्या, सर्टिफिकेट घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी कापली जाते आणि कर तुमच्या आजोबांच्या नावावर चालू राहतो.

शेतात ठेवून नुसती चालू करून बघायची हौस असेल तर अवश्य करा, पण आधी सेल्फ मारू नका. इतकी वर्षं उभं असलेलं इंजिन आत चिकटलेलं असू शकतं. नोझल काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मग नोझल बाहेरच ठेवून पुढच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवा. सहज फिरलं तर ठीक, अडलं तर जोर करू नका, हेड खोलावं लागेल. टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढून टाकी धुवा, फिल्टर नवे घाला, ऑइल बदला, रेडिएटरमध्ये पाणी भरून गळती बघा. मग एअर काढा, वर सांगितलं तसं. नोझल आणि डिझेलचा पंप मात्र एकदा असे पंप दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून घ्या. आणि ब्रेक दुरुस्त होईपर्यंत चाकांना पुढून-मागून दगड लावूनच चालू करा.